वाजवणं निराळं, शिकवणं निराळं

वरातीतला बँड तुम्ही ऐकला असेल. त्यातलं ट्रम्पेट नुसतं फुंकून वाजत नाही. ओठ मिटून थरथरवावे लागतात. वर तीन कळा असतात. कळ दाबली की हवेची वाट लांबते अन् सूर खाली उतरतो.

शाळेच्या बँडात मोठी मुलं लहानांना हे शिकवतात. लहानग्याचा नुसता वारा जातो. मग मोठा चिडतो, ट्रम्पेट हिसकावून स्वतःच वाजवतो. अशानं लहानगा शिकणार कसा? शिकवणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर हे जाणून होते. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं गाणं शिकवणारे शिक्षक मुद्दाम तयार केले.

बँडातल्या मोठ्या मुलानं आधी सूर तोंडानं म्हणवून घ्यावा. मग ओठ थरथरवायला लावावेत. ट्रम्पेट मागाहून. गाल फुगले तर थांबवावं; ओठांवरचा ताबा सुटतो.