मालागाच्या मंडईत

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आठ-पंधरा दिवस राहायचे, तर स्वयंपाकघरासह जागा भाड्याने मिळते. चूल हाती आली की खर्चाचा भार बराच उतरतो. प्रश्न उरतो तो बाजाराचा. मालागात मुक्काम असेल तर अतारासानासच्या मंडईत जा, आणि सकाळीच जा. दुपारी तीनच्या सुमारास ती मिटते, रविवारी उघडतच नाही. इमारत १८७९ सालची. दारावरची कमान मात्र अरबी अमदानीतल्या जहाजगोदीची, चौदाव्या शतकातली.

गाळ्यापुढे रांग दिसणार नाही. म्हणून ती नाहीच असे समजू नका बरे! आल्याबरोबर "शेवटचे कोण?" असे विचारायचे, जो "मी" म्हणेल त्याच्यामागे तुमचा नंबर. वजनाचीही गंमत आहे. 'क्वार्तो इ मिताद' म्हणजे पाव किलो आणि त्याचे निम्मे, ३७५ ग्रॅम. दीडपाव म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

काबुली चणे आणि मसूर तेथे घरोघरचे. शिजवलेले चणे काचेच्या बरणीत मिळतात. भिजत घालायची कटकट नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र शिजवलेल्या मसुरीच्या डब्यावरचा मजकूर वाचूनच तो घ्यावा. 'चोरिसो' हा शब्द दिसला तर आत डुकराच्या मांसाचे सॉसेज आहे.

मासे खाणाऱ्यांसाठी बोकेरोनेस, म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासळी. ती कच्ची व्हिनेगरमध्ये मुरवण्याची तिकडे रीत आहे. पण व्हिनेगरने अनिसाकिस नावाचा जंत मरत नाही. त्यासाठी मासळी आधी उणे २० अंशांवर निदान पाच दिवस गोठवावी लागते. भाड्याच्या घरात एवढे कोण करणार? पिठात घोळवून कडकडीत तेलात तळा.