चिंचवडचे चापेकर, कॉर्कचे बंडखोर आणि पडदा

चिंचवडच्या चापेकर बंधूंवरचा ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट १९७९ साली आला. नचिकेत आणि जयू पटवर्धन या दिग्दर्शकांनी त्याला कोणा वीराचे नव्हे, तर तारखेचे नाव दिले. त्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ होता. आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजेच तो बंगला. तिथून परतणाऱ्या रँड या ब्रिटिश प्लेग अधिकाऱ्याच्या बग्गीवर दामोदर चापेकर मागून चढले आणि त्यांनी गोळी झाडली. मागच्या बग्गीतल्या आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्यावर त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी नेम धरला. आयर्स्ट त्याच रात्री गेला, रँड ३ जुलैला.

या गोळ्यांमागे प्लेगच्या काळातला संताप होता. रोगी शोधायला गोरे शिपाई घराघरात, अगदी देवघरापर्यंत घुसत. चित्रपट हा संताप दाखवतो, पण चापेकरांना देव्हाऱ्यात बसवत नाही. सुधारकांनाही विरोध करणारी त्यांची कर्मठ धर्मनिष्ठा तो लपवत नाही. माणूस पुरता दिसला म्हणून त्याचे धाडस उणे होत नाही, ही जाण या मांडणीत आहे.

वीराला देव्हाऱ्यात बसवणे आणि त्याला माणूस म्हणून दाखवणे, या दोन्ही रीती ब्रिटिश सत्तेशी झुंजलेल्या आयर्लंडवरच्या चित्रपटांत आढळतात. आयरिश स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यावरचा नील जॉर्डन यांचा ‘मायकेल कॉलिन्स’ (१९९६) नायकाभोवती फिरतो आणि परिणामासाठी इतिहासाला मुरड घालतो. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पोलिसांनी प्रेक्षकांवर गोळीबार केला, हे खरे. पडद्यावर मात्र चिलखती गाडीच मैदानात घुसून गोळ्या झाडते. कॉलिन्सना आतून माहिती पुरवणारा नेड ब्रॉय पडद्यावर मारला जातो. प्रत्यक्षात तो स्वतंत्र आयर्लंडचा पोलीसप्रमुख झाला.

केन लोच यांचा ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ (२००६) कॉर्क परगण्यातल्या डेमियन आणि टेडी या काल्पनिक भावांची कथा सांगतो. लहानपणापासून ओळखीच्या पोराने फितुरी केली म्हणून डेमियन त्याला स्वतः गोळी घालतो. ब्रिटनशी झालेल्या डिसेंबर १९२१च्या तहानंतर भावाभावांत फूट पडते आणि शेवटी टेडीच्याच हुकमाने डेमियनला गोळ्या घातल्या जातात. परक्या सत्तेशी झुंजताना आपल्याच माणसांवर बंदूक रोखण्याची वेळ येते, हे दुखणे या चित्रपटाने थेट मांडले.

चापेकरांच्या इतिहासातही तो प्रसंग आहे. दामोदरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी तिसरे भाऊ वासुदेव चापेकर आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांनी ठार केले. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेले होते. वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण मे १८९९ मध्ये गेले. एका घरातले तिघे भाऊ संपले.

चिंचवडमध्ये चापेकरांचा वाडा आज स्मारक म्हणून उभा आहे आणि चापेकर चौकात तिघांचे पुतळे आहेत. पुतळा शौर्याची आठवण जागती ठेवतो. त्या शौर्यामागची माणसे, त्यांचे पूर्वग्रह आणि त्यांच्या घरांनी मोजलेली किंमत दाखवणे हे चित्रपटाचे काम आहे. पटवर्धन आणि लोच यांनी ते चोख केले.