माळावरचा अवकाश आणि तो पाहणारे डोळे

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले अक्कलकोट हे गाव श्रीस्वामी समर्थांमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पण वटवृक्ष मंदिराच्या परिसरातली गर्दी मागे टाकून गावाबाहेर पडले की तूर-ज्वारीची रानं, मुरमाड माळ, मधूनच एखादी बाभूळ किंवा लिंब आणि त्यापलीकडे नजर अडवणारे फारसे काही नाही, असा मुलूख सुरू होतो. अवकाश म्हणजे काय, हा तत्त्वज्ञांना आणि वैज्ञानिकांना शतकानुशतके छळणारा प्रश्न समजून घेण्यासाठी अशा उघड्या माळासारखी सोयीची जागा नाही. येथे वस्तू थोड्या आहेत आणि त्यांच्यामधले अंतर भरपूर आहे. ‘अवकाश’ हा शब्द येथे ग्रहताऱ्यांच्या पोकळीपुरता नव्हे, तर वस्तू जेथे असतात आणि प्राणी जेथे हिंडतात त्या साऱ्या विस्तारासाठी वापरला आहे.

हा विस्तार स्वतंत्रपणे अस्तित्वात असतो की वस्तूंच्या परस्परसंबंधांनाच आपण ते नाव देतो, यावर युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत मोठा वाद झाला. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’त अवकाश निरपेक्ष मानला, म्हणजे त्यात एकही वस्तू नसली तरी तो असतोच. लाइब्निट्झने उलट असे मांडले की वस्तू काढून टाकल्या तर ‘अलीकडे’, ‘पलीकडे’, ‘मध्ये’ या शब्दांना अर्थच उरत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या कोणत्याही जमिनीच्या खरेदीखतात या वादाच्या दोन्ही बाजू नांदताना दिसतात. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याचा गट अशी जी चतुःसीमा लिहिली जाते, ती शेजाऱ्यांच्या आधाराने जागा सांगते, म्हणून ती लाइब्निट्झच्या पक्षाची; तर जे क्षेत्र एकर-गुंठ्यांत मांडले जाते, ते शेजारी कोण याची पर्वा करत नाही, कारण गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस, मग तो माळावर असो की मळ्यात. बांधावरची बहुतेक भांडणे चतुःसीमा आणि मोजणी यांचा मेळ न बसल्यामुळे होतात, हे तलाठ्याला सांगण्याची गरज नाही.

आइन्स्टाइनने १९१५ साली पूर्ण केलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात अवकाश आणि काळ एकत्र विणलेले असून वस्तुमानामुळे ते वक्र होतात, असे दाखवले, आणि हा वाद वेगळ्याच पातळीवर गेला. ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. आज मोजणीसाठी जे रोव्हर यंत्र शेतात उभे केले जाते, ते उपग्रहांच्या घड्याळांवर विसंबते, आणि जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती तफावत आधीच दुरुस्त केली नसती, तर एका दिवसातच जागेचा अंदाज काही किलोमीटरने चुकला असता.

भारतीय परंपरेतल्या वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाचा विचार अधिक बारकाईने केला आहे, असे म्हणावे लागते. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत आकाश आणि दिक् ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. आकाश हे शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे, आश्रयस्थान, तर दिक् म्हणजे ज्यामुळे एखादी वस्तू जवळची आणि दुसरी लांबची वाटते ते द्रव्य. दिक् डोळ्यांना दिसत नाही. जवळ-लांब या प्रतीतीवरून तिचे अनुमान करावे लागते, आणि ती मुळात एकच असून पूर्व-पश्चिम हे भेद सूर्याच्या संबंधाने आपण तिच्यावर लादतो. अवकाश थेट कोणालाच दिसत नाही, तो अनुमानाने उभा करावा लागतो, हा त्यातला मुद्दा आजच्या मेंदुविज्ञानालाही मान्य होण्यासारखा आहे.

हे अनुमान माणूस कशावरून करतो, ते उघड्या माळावर सहज तपासता येते. दोन डोळ्यांमधले सरासरी अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळे दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. परंतु वस्तू जसजशी दूर जाते तसतसा हा फरक नगण्य होतो आणि मग ओळखीच्या वस्तूचा आकार, धूसरपणा आणि स्वतःची हालचाल यांचाच आधार उरतो. अक्कलकोट रोड स्थानकाकडे येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून रुळांलगतचे खांब झपाट्याने मागे पळतात, मधली बाभूळ सावकाश सरकते आणि क्षितिजावरचे झाड गाडीबरोबरच चालल्यासारखे वाटते. वेगातल्या या फरकावरून अंतर कळते. ज्या माळावर ओळखीचे झाड, घर किंवा माणूस नाही, तेथे पाहणारा उभा राहिला, तर समोरचा दगड हाताएवढा आणि जवळचा आहे की पुरुषभर आणि लांबचा, हे ठरवणे अवघड जाते.

पाहण्याचे हे ज्ञान जन्मजात असते का, हा प्रश्न विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ साली जॉन लॉकला विचारला होता. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी मिळाली, तर केवळ पाहून तो ते ओळखेल का? याचे उत्तर मिळायला तीन शतकांहून अधिक काळ लागला आणि ते भारतात मिळाले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात जन्मजात अंधत्वावर शस्त्रक्रिया होऊन दृष्टी मिळालेल्या पाच मुलांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणे त्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच जमले नाही, पण काही दिवसांतच ती मुले ते शिकली. म्हणजे हाताचा अवकाश आणि डोळ्याचा अवकाश सुरुवातीला एक नसतात. अनुभवाने त्यांचा सांधा जुळतो.

माणूस हा या माळावरचा एकच पाहणारा नव्हे. शेळीच्या डोळ्याकडे जवळून पाहिले, तर पिवळसर बुबुळात बाहुली गोल नसून आडव्या फटीसारखी दिसते. ही फट क्षितिजाला समांतर असल्यामुळे जमिनीलगतचा आडवा पट्टा तिला स्पष्ट दिसतो आणि डोक्यावरच्या सूर्याचा झगमगाट कमी आत येतो. डोळे कडेला असल्याने ३०० अंशांहून अधिक दृश्य एका वेळी तिच्या कक्षेत येते. चरण्यासाठी मान खाली घातल्यावर ही फट उभी व्हायला हवी. पण तसे होत नाही, कारण डोळा खोबणीत ५० अंश किंवा त्याहूनही जास्त फिरतो आणि बाहुली आडवीच राहते. हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आणि मेंढ्या व घोडे यांच्या बाबतीतही तेच आढळले. त्यामुळे धनगराच्या कळपातले जनावर मान खाली घालून गवत खात असताना लांडग्याला पाठीकडून येण्याची संधी फारशी मिळत नाही. अर्थात या रुंदीची किंमत मोजावी लागते: दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्रांचा समोरचा सामायिक भाग माणसाच्या तुलनेने बराच अरुंद असतो, त्यामुळे चहूकडचे दिसते, पण समोरची खोली बेताची.

या साऱ्या नजरा शेवटी मेंदूतल्या एका नकाशाला खाद्य पुरवतात. १९७१ साली जॉन ओ’कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या मेंदूतल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या प्राणी ठरावीक जागी पोचला की उद्दीपित होतात. त्यांना स्थानपेशी म्हणतात. २००५ साली मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने जाळीपेशींची नोंद केली. या पेशी जमिनीवर समभुज त्रिकोणांची जणू अदृश्य जाळी टाकून अंतरे मोजतात. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वटवाघळांत स्थानपेशी तिन्ही मितींत काम करतात, असेही नंतर आढळले.

सोलापूर जिल्ह्याच्या माळांचा खरा मानकरी मात्र माळढोक. नान्नज परिसरासाठी माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. उभ्या नराची उंची जवळजवळ एक मीटर आणि वजन १५ किलोपर्यंत असते, आणि उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. अगदी सपाट जमिनीवर माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर असेल, तर माळढोकाला ते साडेतीन किलोमीटरवर. म्हणजे जमिनीवर असताना त्याची नजर माणसाच्या नजरेहून फारशी कमी पडत नाही.

अडचण उडताना येते. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० साली आफ्रिकेतल्या कोरी माळढोकाच्या दृष्टिक्षेत्राचे मोजमाप प्रसिद्ध केले. हा पक्षी आपल्या माळढोकाच्याच प्रजातिगटातला आहे. त्याने उडताना खालची जमीन न्याहाळण्यासाठी मान केवळ २५ अंश खाली झुकवली, तरी उड्डाणाच्या दिशेचे दृश्य पूर्णपणे नाहीसे होते. लाखो वर्षे माळावर उडणाऱ्या पक्ष्याला पुढे काही आडवे येईल, असे मानण्याचे कारणच नव्हते. खाली चारा आणि जोडीदार दिसणे अधिक मोलाचे होते. विजेच्या तारा या अवकाशात नव्याने आल्या, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळणे त्याला जमत नाही. पक्ष्यांना सावध करण्यासाठी तारांवर लावलेल्या फिरत्या तबकड्यांचा उपयोगही यामुळे मर्यादित ठरतो, कारण जो पक्षी पुढे पाहतच नाही, त्याला पुढची खूण कशी दिसणार?

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधल्या माळढोक क्षेत्रातल्या वाहिन्या शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो सौरऊर्जेची गरज आणि तांत्रिक अडचणी लक्षात घेऊन सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. सोलापूरच्या माळांवर माळढोक आता क्वचितच दिसतो. तरीही येथे नवी वाहिनी आखणाऱ्यांनी खर्चाचा हिशेब मांडताना, जे गवताळ पट्टे अजून मोकळे आहेत तेथे तारा जमिनीखालून न्याव्यात किंवा मार्गच वळवावा. तार टाकून नंतर तिला खुणा बांधणे हा माणसाच्या डोळ्याने सुचलेला उपाय आहे.