ब्रिटनचा पती-पत्नी व्हिसा: पैशांचे आणि घराचे पुरावे

शिरूर कासारची मुलगी लग्न होऊन ब्रिटनला निघाली की घरचे आधी सातबारा आणि वडिलांच्या ठेवींच्या पावत्या काढतात. या व्हिसासाठी त्यांचा उपयोग नाही. नवरा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर मुख्यतः त्याचं उत्पन्न पाहतात. पूर्वी वर्षाला १८,६०० पौंड पुरत. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना २९,००० लागतात. मुलीचा इथला पगार धरत नाहीत. साध्या नोकरदारासाठी ही अट फार कठोर आहे, असं मला वाटतं.

नवरा सहा महिने एकाच नोकरीत असेल, तर तेवढ्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र जोडायचं. स्लिपेवरचा निव्वळ पगार आणि खात्यात जमा झालेली रक्कम ताडून पाहा. कागद अर्जाआधीच्या २८ दिवसांपर्यंतचे हवेत; जुने झाले तर नवे काढा.

निव्वळ बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हवेत. नवरा-बायकोच्या मालकीची जमीन नुकतीच विकली असेल, तर तो पैसाही धरता येतो. खरेदीखत जपून ठेवा.

घर भाड्याचं चालतं. भाडेकरार आणि घरमालकाचं संमतीपत्र जोडा. सासू-सासऱ्यांच्या घरी राहणार असाल, तर किमान एक खोली फक्त तुमची असावी आणि घरात दाटी होऊ नये. दाटी मोजताना दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरतात, वर्षाखालचं धरतच नाहीत.

मराठी कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.