मी की-बोर्ड आहे!

आमच्या भिवापूरला मिरचीचा हंगाम लागला की बाजारातून ठसका न लागता घरी परतलेला माणूस दाखवा. त्या बाजारात माझे मामा एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, चालणंही बरंचसं परतलं. उजव्या हाताची बोटं मात्र परतली नाहीत. भाव, वजन, उधारी सगळं तोंडपाठ, पण कॉम्प्युटरवर नोंद करायला डाव्या हाताचं एकच बोट. चार पोत्यांची पावती होईस्तोवर शेतकरी दोनदा चहा पिऊन येई. शेठ बोलला काही नाही. पण मामांच्या शेजारी खुर्ची टाकून एक पोरगा बसू लागला आणि मामांना समजायचं ते समजलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मामा म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरमध्ये एखादा प्रोग्राम टाकून दे ना बा.’’ पण त्या कॉम्प्युटरला कुलूप. नवीन काही टाकायचं तर पासवर्ड हवा आणि तो नागपूरच्या हिशेबनिसाकडे. तेव्हा मला माझ्या कपाटातली रास्पबेरी पाय झीरो आठवली.

हा एक अख्खा कॉम्प्युटर आहे, पण च्युइंगगमच्या पाकिटाएवढा. २०१५ साली तो पाच डॉलरला निघाला, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. त्याची एक खुबी फारशी कोणाला ठाऊक नसते. ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

आपल्याकडे नागपूरहून छोट्या रेल्वेनं नागभीडला गेलं की पुढच्या मोठ्या गाडीसाठी उतरून गाडी बदलावी लागे. २०१९ साली ती छोटी गाडी बंद झाली. जुन्या कॉम्प्युटरचंही असंच होतं. की-बोर्डचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरचं तर भलंमोठं. १९९६ साली यूएसबी आली आणि सगळ्यांना एकच दार झालं. ते आखणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते.

आता दार एकच म्हटल्यावर, आत येणारा कोण हे कळायचं कसं? लग्नघराच्या दारात यजमान विचारतो, ‘‘तुम्ही कोणाकडचे?’’ पाहुणा म्हणतो, ‘‘मुलीकडचे.’’ ‘‘या, बसा, पंगत लागलीच आहे.’’ आधारकार्ड कोणी मागत नाही. यूएसबीत अगदी हेच घडतं. तार जोडली की कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? समोरचा म्हणतो, मी की-बोर्ड. कॉम्प्युटर मान डोलावतो. नव्या प्रोग्रामला पासवर्ड मागणारा तोच कॉम्प्युटर की-बोर्डला काही विचारत नाही. विचारणार तरी कसा? पासवर्ड लिहायला आधी की-बोर्डच लागतो!

पाय झीरोची खुबी ही, की तिला यजमानही होता येतं आणि पाहुणाही. नेहमीच्या मोठ्या पायची चौकोनी भोकं फक्त यजमानकी करतात. मी आधी तीवर दोन संध्याकाळी घालवल्या. मग झीरो घेतली, तर तार नुसती मोबाइल चार्ज करण्याची निघाली. वीज जाई, निरोप जात नसे. तार बदलल्यावर काम झालं. डबी एकाच तारेतून वीजही घेते आणि बोलतेही.

बोलते काय? एका कळीसाठी आठ आकडे. पहिला आकडा शिफ्टसारख्या कळींचा, दुसरा रिकामा, पुढचे सहा दाबलेल्या कळींचे. यात अक्षर कुठेच नसतं, असतो फक्त कळीचा क्रमांक. इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘मिरची’ लिहायची तर डबी ६, ९, १३, ५१, २१ एवढंच एकामागून एक सांगते. त्याची ‘मिरची’ कॉम्प्युटर करतो. एकदा कोणीतरी तो इंग्रजीवर ठेवला, तर मिरचीच्या जागी सी, एफ, जे, अर्धविराम, आर असा माल जमा झाला! आणखी एक धडा मिळाला. कळ दाबली हे सांगून भागत नाही, सोडली हेही सांगावं लागतं, म्हणजे आठ शून्यं पाठवावी लागतात. मी ती विसरलो आणि ‘म’नं पान भरून गेलं. माऊसचं काम सोपं, तीन आकड्यांत भागतं: बटण, आडवं किती सरकलं, उभं किती सरकलं.

डबीला दारावरच्या घंटीची आठ बटणं जोडली. एक दाबलं की ‘भिवापुरी, वाळलेली, देठासह’ हे अख्खं उमटतं. दुसऱ्यानं ‘रोख’, तिसऱ्यानं ‘उधार’. चार बटणांनी बाण सरकतो, आठव्यानं क्लिक. आकडे मामा बोटानंच लिहितात. पहिल्या दिवशी त्यांनी सात पावत्या फाडल्या आणि पोराला म्हणाले, ‘‘जा, तू चहा पिऊन ये.’’

दुपारी शेठ आला. ‘‘हे काय लावलं गुरुजी आमच्या कॉम्प्युटरले?’’ मी उत्साहानं सगळं सांगितलं, वर कौतुकानं एक करामत दाखवली. डबी काढून पुन्हा जोडली. कोणी हात न लावता पडद्यावर कोरं पान उघडलं आणि ‘नमस्कार शेठजी’ उमटलं. शेठचा चेहरा उतरला. त्यानं तार उपटली. ‘‘म्हणजे याले वाटलं तर हे माझा हिशेबही पुसून टाकीन?’’

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. कारण ते होतंच. २०१४ साली कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी जाहीरपणे दाखवलं होतं, की पेनड्राइव्हच्या पोटातली आज्ञावली बदलून त्यालाही की-बोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येते. २०२२च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला, की चोरटे भेट म्हणून टपालानं असे यूएसबी तुकडे कंपन्यांना पाठवत आहेत. तुकडा दिसतो पेनड्राइव्हसारखा, कॉम्प्युटरला सांगतो मी की-बोर्ड, आणि माणसाच्या कितीतरी पट वेगानं हुकूम टाइप करतो. रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह ‘बघू तरी काय आहे’ म्हणून लावू नये, ते यासाठी. व्हायरस शोधणारा प्रोग्राम फाइली तपासतो. इथं फाइल नसतेच, नुसता टाइप करणारा ‘हात’ असतो.

चार दिवस डबी माझ्या घरी पडून होती आणि पोरगा पुन्हा खुर्चीवर. मग मी हिशेबनिसालाच दुकानात बोलावलं. डबी उघडून दाखवली. माझी झीरो बिनवायफायची, तेव्हा बाहेरून कोणी तिला काही शिकवण्याचा प्रश्न नव्हता. आतली आज्ञावली त्यानं ओळ न ओळ वाचली. करामतीचा भाग मी त्याच्यासमोर पुसला. शेठनं अट घातली, डबी दुकानाबाहेर जायची नाही आणि ती मामांशिवाय कोणी जोडायची नाही. मला ती पटली.

आता एकच अडचण उरली आहे. वीज गेली की डबीला पुन्हा जागं व्हायला अर्धा मिनिट लागतो, आणि आमच्याकडे वीज जातेच. २०२१ साली निघालेल्या पिको नावाच्या त्याहून साध्या पट्टीला एवढा वेळ लागत नाही. या कामाला तीच पुरे. पुढल्या हंगामाआधी ती बसवायची आहे. हिशेबनिसाला पुन्हा बोलवावं लागेल. तोवर ही डबी रात्री शेठच्या गल्ल्यात, नोटांच्या शेजारी, कुलपात असते.