विश्लेषण : स्वतःचा एचटीएमएल टॅग तयार करता येतो? ‘वेब कम्पोनंट्स’ काय आहेत?

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांसमोर पहिला पेच असतो तो ‘रिॲक्ट शिकू, अँग्युलर की व्ह्यू?’ हा. पण फ्रेमवर्क कायम टिकतेच असे नाही. गूगलच्या ‘अँग्युलरजेएस’चा अधिकृत आधार जानेवारी २०२२ मध्ये संपला आणि त्यावर उभ्या असलेल्या वेबसाइटना दुसरा पर्याय शोधावा लागला. ‘वेब कम्पोनंट्स’ हे तंत्र मात्र थेट ब्राउझरमध्येच असते. नवशिक्यांनी ते समजून घ्यावे ते यासाठीच.

वेब कम्पोनंट्स म्हणजे काय?

पानावर ‘व्हिडीओ’ टॅग ‘कंट्रोल्स’ या गुणधर्मासह लिहिला की प्ले, आवाज, वेळ दाखवणारी पट्टी ब्राउझर स्वतःच देतो. असा टॅग आपणही तयार करू शकतो. एकदा लिहिला की तो हव्या तितक्या पानांवर वापरता येतो. गूगलमधील अभियंते ॲलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये ही कल्पना मांडली. क्रोम आणि सफारीनंतर फायरफॉक्सने २०१८ मध्ये, तर मायक्रोसॉफ्ट एजने २०२० मध्ये ती स्वीकारली. आज सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये ती चालते.

त्याचे भाग कोणते?

मुख्य भाग तीन. ‘कस्टम एलिमेंट’ म्हणजे नवा टॅग आणि त्याचे वर्तन. ‘शॅडो डॉम’ म्हणजे त्या टॅगभोवतीचे कुंपण. आतली सजावट बाहेर पसरत नाही, बाहेरची आत शिरत नाही. ‘टेम्पलेट’ म्हणजे साचा. तो पानावर दिसत नाही, गरज पडली की त्याची प्रत काढायची. तिन्ही एकदम वापरण्याची सक्ती नाही. सुरुवातीला फक्त पहिला भाग पुरेसा आहे.

सुरुवात कशी करावी?

समजा, तारीख देवनागरी अंकांत दाखवणारा ‘मराठी-तारीख’ टॅग करायचा आहे. (प्रत्यक्ष कोडमध्ये सारी नावे रोमन लिपीत लिहायची.) आधी ‘एचटीएमएल-एलिमेंट’वरून एक क्लास तयार करा. त्यात ‘कनेक्टेड-कॉलबॅक’ हे फंक्शन लिहा. टॅग पानावर आला की ब्राउझर ते आपोआप चालवतो. तिथे टॅगला दिलेली तारीख वाचा आणि जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ सुविधेने ती मराठीत बदला. शेवटी ‘कस्टम-एलिमेंट्स’च्या ‘डिफाइन’ने टॅगचे नाव नोंदवा. एवढे काम मोजक्या ओळींत होते, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही.

नवशिके कुठे अडखळतात?

• टॅगच्या नावात जोडरेघ हवीच. एचटीएमएलमध्ये पुढे येणाऱ्या टॅगशी नावाचा गोंधळ होऊ नये म्हणून हा नियम आहे.

• नावाची सुरुवात रोमन लिपीतील लहान अक्षरानेच होते आणि शेवटी बंद करणारा टॅग लिहावाच लागतो.

• टॅग पानावर एका जागेवरून दुसरीकडे हलवला तर ‘कनेक्टेड-कॉलबॅक’ पुन्हा चालते. मजकूर दोनदा उमटणार नाही, याची काळजी घ्यावी.

• शॅडो डॉम वापरल्यावर ‘माझे सीएसएस लागूच होत नाही’ अशी तक्रार हमखास येते. रंग बाहेरून बदलता यावेत, यासाठी सीएसएस व्हेरिएबल वापरावेत. ती कुंपणाच्या आत पोहोचतात.

• मोबाइलचे नेटवर्क कमजोर असेल आणि स्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर टॅग रिकामा राहतो. म्हणून टॅगच्या आत साधी तारीख आधीच लिहून ठेवावी. वाचकाला निदान ती तरी दिसेल.

मग फ्रेमवर्कची गरज संपली का?

नाही. मोठ्या ॲपमधील सतत बदलणारी माहिती सांभाळायला फ्रेमवर्क सोयीचे असते. पण दोन्ही एकत्र नांदू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिॲक्ट १९ ने कस्टम एलिमेंटना पूर्ण आधार दिला. एखादा बदल किती वेळापूर्वी झाला, हे दाखवण्यासाठी गिटहब असाच स्वतःचा टॅग वापरते. नोकरीसाठी रिॲक्ट जरूर शिकावे. मात्र ब्राउझर स्वतः काय करू शकतो हे आधी कळले, तर उद्या फ्रेमवर्क बदलले तरी पाया पुन्हा घालावा लागत नाही.