स्पीडोमीटरचा काटा मध्येच उडतो, मध्येच झोपतो? जुन्या गाडीचं मीटर उघडण्याआधी 'हे' तपासा!

प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या अनेक हौशी मालकांनी आजही जपल्या आहेत. या गाड्यांमध्ये हमखास येणारी एक तक्रार म्हणजे स्पीडोमीटर कधी चालतो, कधी नाही. अशा वेळी थेट मीटर बदलण्याची घाई करू नका. दोष बहुतेकदा मीटरमध्ये नसून त्याच्या केबलमध्ये असतो.

स्पीडोमीटर चालतो कसा?

या मीटरला सेन्सर नाही. गिअरबॉक्समधला छोटा गिअर केबलच्या आतली पिळाची तार फिरवतो. तारेचं दुसरं टोक मीटरमधलं चुंबक फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि वाटी त्याच दिशेला ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो तुमचा वेग. ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या तंत्राचं पेटंट घेतलं होतं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

काट्यासोबत किलोमीटरच्या आकड्यांकडेही लक्ष द्या.

• काटा आणि आकडे दोन्ही थांबतात: केबल किंवा गिअरबॉक्सकडचा गिअर तपासा.
• आकडे नीट पुढे सरकतात, पण काटा अडकतो: दोष मीटरच्या आत आहे.
• काटा थरथरतो किंवा उड्या मारतो, सोबत 'किरकिर' आवाज येतो: केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे.

घरच्या घरी चाचणी

केबलचा मीटरकडचा नट सोडवा. सपाट जागी कुणाला तरी गाडी हळू ढकलायला सांगा आणि तारेच्या टोकाकडे पाहा. ते सलग फिरायला हवं. अजिबात फिरत नसेल तर तार तुटली असेल किंवा गिअरबॉक्सकडे दोष असेल. मग तार बाहेर काढून तिची चौकोनी टोकं बघा. कडा झिजून गोल झाल्या असतील, तर टोक कधी पकडतं, कधी घसरतं. मीटर मधूनच बंद पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तार दोन्ही हातांत 'यू' आकारात धरून एका टोकाने सावकाश फिरवा. दुसरं टोक झटक्याने फिरलं तर तारेला पीळ बसला आहे. अशी तार सरळ करत बसू नका, बदला.

ग्रीस लावताना ही चूक टाळा

तार रॉकेलने पुसून हलकं ग्रीस लावा. मात्र मीटरकडचा सुमारे २० सेंटीमीटर भाग कोरडा ठेवा. फिरणारी तार स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरलं की चुंबक आणि वाटी चिकटतात आणि चांगलं मीटर खराब होतं. केबल परत बसवताना तिला तीव्र वळण देऊ नका. वळणाची त्रिज्या किमान १५ सेंटीमीटर असू द्या. एक्झॉस्टपासूनही ती लांब ठेवा.

दुर्लक्ष केलं तर?

आकडे थांबले की सर्व्हिसिंगचा हिशेब चुकतो आणि गाडी विकताना दाखवलेल्या किलोमीटरवर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यानुसार हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास १,००० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो. मीटर बंद होतं, ही सबब तिथे चालत नाही.

काम झाल्यावर शेजारी बसलेल्या व्यक्तीला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायला सांगा आणि काट्याशी ताडून बघा. फरक प्रत्येक वेळी सारखाच दिसला, तर केबलला दोष देऊ नका. टायरचा आकार मूळ मापाचाच आहे का, ते पाहा.